नळाला पाणी नाही आलं तर जाब कुणाला विचारायचा? यशवंतराव चव्हाणांनी १९६२ मध्ये एक उत्तर दिलं होतं

गावात आठ दिवस नळाला पाणी नाही. सरपंचाकडे गेलं की तो म्हणतो पाणीपट्टीची वसुली नाही, मोटारीचं बिल थकलंय. पंचायत समितीत गेलं की सांगतात प्रस्ताव वर पाठवलाय. झेडपीत गेलं की कळतं निधी यायचाय. आमदारांच्या ऑफिसात गेलं तर ते लगेच फोन लावतात, पण पाण्याची योजना त्यांच्या नावावर नसतेच.

मग मूळ प्रश्न उरतो. गावचं पाणी, शाळा, दवाखाना, रस्ता ही जबाबदारी नेमकी कुणाची? आणि त्यासाठी पैसा कुणी द्यायचा?

महाराष्ट्रात या प्रश्नाला सगळ्यात मोठं उत्तर द्यायचा प्रयत्न केला तो कृष्णाकाठच्या एका माणसाने. यशवंतराव बळवंतराव चव्हाण. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, नंतर देशाचे संरक्षणमंत्री, गृहमंत्री, अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री आणि उपपंतप्रधान. पण आज गावात राहणाऱ्या माणसाचा यशवंतरावांशी रोजचा संबंध येतो तो झेडपीमुळे.

देवराष्ट्रे ते कराड

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ चा. गाव देवराष्ट्रे, त्यांचं आजोळ. हे गाव आज सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात आहे, पण तेव्हा सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. देवराष्ट्रे सातारा जिल्ह्यात मोडायचं. सांगली हे वेगळं संस्थान होतं. स्वातंत्र्यानंतर आसपासची संस्थानं विलीन झाली, १९४९ मध्ये दक्षिण सातारा असा नवा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. म्हणूनच यशवंतराव आमचे, असं सातारकर पण म्हणतात आणि सांगलीकर पण.

वडील कोर्टात बेलिफ होते. यशवंतराव लहान असतानाच ते प्लेगमध्ये गेले. आई विठाबाईंनी मुलं वाढवली. घरची परिस्थिती बेताची. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झालं आणि तिथेच स्वातंत्र्य चळवळीचं वारं लागलं. १९३२ मध्ये झेंडा फडकवल्याबद्दल दीड वर्षाची शिक्षा झाली. वय होतं १८. येरवड्याच्या तुरुंगात या पोराने जमेल तेवढं वाचून काढलं.

सुटल्यावर मॅट्रिक, मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९३८ मध्ये बीए आणि नंतर पुण्यातून वकिली. जून १९४२ मध्ये फलटणच्या वेणूताईंशी लग्न झालं. दोन महिन्यांत चले जाव सुरू झालं आणि यशवंतराव भूमिगत झाले. इकडे वेणूताईंनाही अटक झाली. पुढे त्या आजारी पडल्या, त्यांना भेटायला यशवंतराव गुपचूप फलटणला आले आणि तिथेच १९४३ मध्ये पकडले गेले.

सरकारशिवाय चालवलेला कारभार

याच काळात सातारा जिल्ह्यात जे झालं, त्याला भारतात तोड नव्हती. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभं राहिलं. ब्रिटिशांचं राज्य असताना शेकडो गावांत लोकांनी आपला कारभार आपण चालवला. भांडणं मिटवायला न्यायदान मंडळं, दरोडेखोरांचा बंदोबस्त करायला तुफान सेना, कमी खर्चात लग्नं, दारूबंदी. कुंडल, वाळवा हा सगळा पट्टा यात होता. १९४६ पर्यंत हे चाललं.

प्रतिसरकार ऐन भरात असताना यशवंतरावांचा बराच काळ तुरुंगात गेला आणि पुढे त्यांची आणि नाना पाटलांची राजकीय वाटही वेगळी झाली. नाना पाटील कम्युनिस्ट पक्षात गेले, यशवंतराव काँग्रेसमध्येच राहिले. पण एक गोष्ट या जिल्ह्याने सगळ्यांना दाखवून दिली होती. खेड्यातली माणसं आपला कारभार चालवू शकतात, त्यासाठी त्यांच्या डोक्यावर कलेक्टर लागत नाही.

१९४६ मध्ये यशवंतराव आमदार झाले, १९५२ मध्ये मंत्री आणि १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यामुळे लोक काँग्रेसवर प्रचंड चिडलेले होते. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा धुव्वा उडाला. खुद्द मुख्यमंत्री कराडमध्ये थोडक्यात वाचले. पुढे १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि यशवंतराव त्याचे पहिले मुख्यमंत्री.

दिल्लीचा आराखडा आणि मुंबईचा निर्णय

त्याआधी म्हणजे १९५७ मध्ये केंद्राने नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीने पंचायत राजची शिफारस केली होती. गाव, तालुका, जिल्हा अशी तीन स्तरांची रचना. पण त्यात खरी ताकद होती ती तालुक्याच्या पंचायत समितीकडे. जिल्हा परिषद फक्त सल्ला देणार आणि तिचा अध्यक्ष असणार कलेक्टर.

यशवंतरावांनी हा आराखडा जसाच्या तसा उचलला नाही. जून १९६० मध्ये, म्हणजे राज्य होऊन दोन महिने व्हायच्या आत, त्यांनी महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मार्च १९६१ मध्ये अहवाल आला. त्यावरून कायदा झाला, महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१. तो १ मे १९६२ पासून लागू झाला आणि राज्यात मुंबई सोडून २५ जिल्ह्यांत जिल्हा परिषदा आल्या.

यात दोन गोष्टी वेगळ्या होत्या.

एक, ताकद जिल्ह्याला दिली. कारण साधं होतं. योजना आखायला इंजिनिअर लागतो, डॉक्टर लागतो, शेतीचा अधिकारी लागतो. एवढी यंत्रणा प्रत्येक तालुक्याला देणं परवडणारं नव्हतं. जिल्ह्याला ते शक्य होतं.

दोन, कलेक्टरला बाहेर ठेवलं आणि आमदार-खासदारांनाही. अध्यक्ष लोकांनी निवडलेल्या सदस्यांमधून होणार आणि सरकारचा मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हणजे आजचे सीईओ साहेब, परिषदेच्या निर्णयांची अंमलबजावणी करणार. ज्या अधिकाऱ्यासमोर शेतकरी हात जोडून उभा राहायचा, तसाच अधिकारी आता शेतकऱ्याच्या पोराने अध्यक्ष म्हणून बोलावलेल्या बैठकीत माहिती द्यायला बसू लागला. १९६२ च्या खेड्यात ही किती मोठी उलथापालथ होती, याचा अंदाज आज पटकन येत नाही.

प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रं, गुरांचे दवाखाने, ग्रामीण रस्ते, लहान तलाव आणि बंधारे, गावचा पाणीपुरवठा, हे सगळं झेडपीकडे आलं. त्याच्या खाली १९५८ च्या कायद्याने चालणाऱ्या ग्रामपंचायती होत्याच. घरपट्टी, दिवाबत्ती कर, पाणीपट्टी लावायचा अधिकार ग्रामपंचायतीला याच कायद्याने दिला.

यातून नेतृत्वाची नवी फळीही तयार झाली. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील १९७९ मध्ये सांगली झेडपीचे सदस्य झाले, तिथे दहा वर्षांहून जास्त काळ काम केलं आणि मग आमदार. पुढे ग्रामविकासमंत्री झाल्यावर आबांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणलं, ज्यात गावांनी श्रमदान आणि लोकवर्गणीतून स्वतःचा चेहरा बदलला. झेडपीत तयार झालेला माणूस मंत्री झाला की काय करू शकतो, याचं हे उदाहरण.

मग अडलं कुठे?

पैशात.

कामं खाली दिली, पण पैशाची चावी वरच राहिली. झेडपीला शेतसाऱ्यावरचा उपकर आणि शेतसाऱ्याच्या प्रमाणात अनुदान अशी सोय होती. पण शिक्षकांचे पगार, रस्ते, पाणी योजना यांचा खर्च त्यातून भागणं शक्यच नव्हतं. पहिल्यापासूनच झेडपीचा बहुतेक पैसा राज्य सरकारच्या अनुदानातून येत राहिला. ज्याच्या हातात पैसा, त्याच्या हातात निर्णय, हे गणित मग हळूहळू लागू झालं.

ही योजना सुरू झाली आणि सहा-सात महिन्यांत ती आणणारा माणूसच राज्यातून गेला. चीनने हल्ला केला होता. नोव्हेंबर १९६२ मध्ये नेहरूंनी यशवंतरावांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावून घेतलं. त्यानंतर ते राज्याच्या कारभारात परत आले नाहीत.

त्यांच्या मागे काय झालं? सत्तरच्या दशकात जिल्ह्याच्या नियोजनासाठी वेगळं मंडळ आलं, ज्याचा अध्यक्ष मंत्री आणि सचिव कलेक्टर. आज ज्याला आपण डीपीडीसी म्हणतो ते हेच. म्हणजे १९६२ मध्ये ज्या कलेक्टरला मुद्दाम बाहेर ठेवलं होतं, तो दुसऱ्या दाराने आत आला. सोबत पालकमंत्रीही आले.

१९८४ मध्ये सरकारने पंचायत राजचा आढावा घ्यायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष सांगलीचेच प्राचार्य पी. बी. पाटील. १९८६ च्या अहवालात समितीचा सूर झेडपीला जास्त अधिकार आणि जास्त पैसा देण्याच्या बाजूचा होता. पण कोणत्याही सरकारला आपल्या हातातला निधी सोडायची घाई नसते.

आज पाण्याचा पैसा कुठून येतो?

इथे एक घोळ समजून घ्यायला हवा. पाणीपट्टी दोन प्रकारची असते.

नळाची पाणीपट्टी ग्रामपंचायत घेते. त्यातून मोटारीचं बिल, पाइपची दुरुस्ती, पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार निघायला हवा. नवीन योजना बांधायचा पैसा मात्र केंद्र आणि राज्याकडून येतो. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या कामाच्या खर्चापैकी १० टक्के लोकवर्गणी अपेक्षित आहे, डोंगराळ भागात ५ टक्के. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा २०२६ पर्यंत थेट ग्रामपंचायतीत यायचा आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करावा लागायचा. म्हणजे टाकी बांधायला पैसे मिळतात, पण ती रोज भरायचा खर्च गावाच्या माथी. वसुली नसेल तर नवीकोरी टाकीसुद्धा कोरडी राहते.

शेतीची पाणीपट्टी वेगळी. ती जलसंपदा विभाग घेतो. सातारा-सांगलीत टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजना कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांत नेतात. पाणी चढवायचं म्हणजे वीज आली आणि विजेचं बिल आलं. धरणाखालच्या शेतकऱ्याला पाणी उताराने मिळतं, मग माणदेशातल्या शेतकऱ्याने चढाचा खर्च का सोसायचा, हा इथला जुना सवाल आहे. नागनाथअण्णा नायकवडींनी १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरवल्या त्या याच दुष्काळी तालुक्यांसाठी. पुढे सरकारने वीजबिलातला ८१ टक्के वाटा आपण उचलायचा आणि १९ टक्के शेतकऱ्यांकडून घ्यायचा असं धोरण आणलं. यात ना ग्रामपंचायतीचा संबंध, ना झेडपीचा.

म्हणून पाण्यासाठी भांडायला जाण्याआधी कुठलं पाणी, हे आधी बघावं लागतं. नळाचं असेल तर ग्रामसभेत पाणीपट्टीची वसुली किती, खर्च किती आणि वित्त आयोगाचे पैसे कुठे गेले, हे विचारायचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे. योजनेचं काम रखडलं असेल तर झेडपीचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग. कॅनॉलचं असेल तर जलसंपदा.

शेवटची गोष्ट

१ जून १९८३ ला वेणूताई गेल्या. त्यानंतर दीड वर्षात, २५ नोव्हेंबर १९८४ ला यशवंतराव दिल्लीत गेले. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे. दरवर्षी २५ नोव्हेंबरला सगळ्या पक्षांचे नेते तिथे येतात, हार घालतात, यशवंतरावांचा वारसा सांगतात.

मार्च २०२२ मध्ये सातारा आणि सांगली झेडपीची मुदत संपली. निवडणुका वेळेवर झाल्या नाहीत आणि कारभार प्रशासकाकडे गेला. पुढची काही वर्षं या दोन्ही जिल्ह्यांत ना झेडपीचा अध्यक्ष होता, ना सदस्य. शाळा चालू होत्या, दवाखाने चालू होते, पाण्याच्या योजनांची टेंडरं निघत होती. फक्त मतदाराने ज्याला निवडलंय आणि जो पाच वर्षांनी परत मत मागायला येणार आहे, असा माणूस तिथे नव्हता. प्रीतिसंगमावर हार मात्र त्या वर्षांतही नेमाने पडत होते.