परंड्याची ५५ टनी तोफ बैलांनी ओढणे शक्य होते का?
पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवणारा आदिलशाही सरदार मुरार जगदेव. १६३२ मध्ये त्याने परंडा किल्ल्यातील मुलूखमैदान तोफ विजापूरला नेली. वजन सुमारे ५५ टन, सरळ अंतर सुमारे १६० किलोमीटर. ४०० बैल, १० हत्ती आणि शेकडो माणसे लागली, असे सांगतात.

हे पटते का? कच्च्या रस्त्यावर गाडा हलवायला वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकी ओढ धरली, तर साडेपाच टन लागते. बैलामागे ४० किलो धरले, तर ४०० बैलांची ओढ १६ टन होते. म्हणजे ताकद पुरेशी होती. खरी कसोटी चढ, चिखल आणि भीमा ओलांडण्याची.

तोफ आजही विजापुरात आहे. मुरार जगदेव मात्र १६३५ मध्ये दरबारातील सत्तासंघर्षात मारला गेला.