विल्यम कॅरी : अभिवचनावर विसंबलेले आयुष्य

आपल्या मासिकात मराठी आणि कन्नड शेजारी शेजारी नांदतात. या दोन्ही भाषांची व्याकरणे लिहून छापणारा एक परदेशी मनुष्य दीडदोन शतकांपूर्वी होऊन गेला. मराठीचे व्याकरण त्याने १८०५ साली छापले, कन्नडचे १८१७ साली. महाराष्ट्र वा कर्नाटक त्याने कधी डोळ्यांनी पाहिला नाही. हे सारे काम त्याने बंगालमध्ये, हुगळीच्या काठी बसून केले. त्याचे नाव विल्यम कॅरी.

१७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात, पॉलर्सपरी या खेड्यात कॅरीचा जन्म झाला. वडील आधी विणकर होते, पुढे गावचे शाळामास्तर झाले. घरची स्थिती बेताची, म्हणून मुलाला जोडे शिवणाऱ्याच्या हाताखाली उमेदवारीला ठेवले. दाभण चालवता चालवता शेजारी पुस्तक उघडे ठेवून त्याने लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या भाषा शिकून घेतल्या. पुढे तो बॅप्टिस्ट पंथाचा उपदेशक झाला, तरी संसार चालवण्यासाठी जोडे शिवणे आणि शाळा चालवणे सुटले नाही.

१७९२ च्या मे महिन्यात नॉटिंगहॅम येथे त्याने जे प्रवचन दिले, त्यात त्याच्या पुढील आयुष्याचे बीज होते. त्यासाठी त्याने यशया संदेष्ट्याच्या चोपन्नाव्या अध्यायातील वचन निवडले. या अध्यायात देव एका वांझ स्त्रीला आपला तंबू ऐसपैस करावयास सांगतो. मूल एकही नाही, आणि घर मात्र मोठे करायचे! देवाने शब्द दिला आहे एवढ्याच आधारावर तयारीला लागायचे, हा या वचनाचा अर्थ. देवाकडून मोठ्या गोष्टींची अपेक्षा ठेवा आणि त्याच्यासाठी मोठे उद्योग हाती घ्या, असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ होता. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग येथे मूठभर माणसांनी मिशनरी संस्था स्थापन केली. वर्गणीचे आकडे पडले जेमतेम तेरा पौंडांचे. एवढ्या बळावर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जायचे होते.

१७९३ च्या नोव्हेंबरमध्ये कॅरी कलकत्त्यास पोहोचला. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. जवळचे पैसे थोड्याच दिवसांत संपले. काही काळ सुंदरबनच्या दलदलीत काढल्यावर १७९४ मध्ये मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी मिळाली. त्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर हा मुलगा आमांशाने दगावला.

पत्नी डॉरोथी हिचे दुःख तर याहून मोठे. मुळात तिला इंग्लंड सोडायचेच नव्हते; शेवटच्या घडीला ती कशीबशी तयार झाली होती. मुलाच्या मृत्यूनंतर तिच्या मनाचा तोल ढळला तो कायमचा. १८०७ मध्ये ती वारली, तोवर कित्येक वर्षे शेजारच्या खोलीत ती भ्रमात असे आणि इकडे कॅरी भाषांतर करीत बसे. ईश्वरी हाक कॅरीने ऐकली होती, तिची किंमत मात्र ती न ऐकलेल्या स्त्रीनेही मोजली. त्याच्या चरित्रातील हे पान कोणी वाचकाने घाईने उलटू नये.

एवढे सोसून फळ काय मिळाले? पहिली सात वर्षे काहीच नाही. एकही बंगाली माणूस ख्रिस्ती झाला नाही. १८०० च्या जानेवारीत कॅरी डेन्मार्कच्या ताब्यातील श्रीरामपूर येथे राहावयास आला. जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे सहकारी त्याला तेथे लाभले. त्या वर्षाच्या २८ डिसेंबरला कृष्ण पाल नावाच्या सुताराने हुगळीत बाप्तिस्मा घेतला. १८०१ मध्ये बंगाली नवा करार छापून निघाला. त्याच साली फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरीची नेमणूक झाली. पगाराचा बहुतेक भाग तो मिशनच्या सामायिक खर्चासाठी देई. तेथेच त्याला नागपूरकडील पंडित वैजनाथ शर्मा यांची साथ मिळाली. त्या सहकार्यातून मराठी व्याकरण, १८१० चा मराठी कोश आणि १८११ चा मराठी नवा करार सिद्ध झाला. वैजनाथांच्या मराठीवर नागपुरी वळण होते. पश्चिमेकडील वाचकांना ती भाषा परकी वाटली आणि मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी पुढे आपले स्वतंत्र भाषांतर केले. पहिल्या प्रयत्नाच्या वाट्याला बहुधा असेच येते.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागदाचे साठे, नाना लिप्यांचे टाईप आणि हस्तलिखिते जळून गेली. कॅरीचे कन्नड नव्या कराराचे भाषांतर, तेलुगू व्याकरण आणि अनेक वर्षे चाललेला संस्कृत व इतर भाषांचा मोठा कोश यांची राख झाली. सुमारे ७० हजार रुपयांचे नुकसान झाले. कॅरी त्या वेळी कलकत्त्यात होता. दुसऱ्या दिवशी मार्शमनने बातमी आणली, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आले. पुढच्या रविवारी त्याने प्रवचनाला शेहेचाळिसावे स्तोत्र घेतले. पृथ्वी डळमळली तरी शांत राहा आणि देव कोण आहे हे ओळखा, असे ते सांगते.

पण शांत राहणे म्हणजे हात जोडून बसणे नव्हे. वॉर्डने राख उपसली, तेव्हा टाईप पाडण्याचे साचे शाबूत निघाले. मुद्रणयंत्रेही वाचली होती. वितळलेल्या धातूचे पुन्हा टाईप पाडले गेले आणि थोड्याच आठवड्यांत छपाई सुरू झाली. आगीची वार्ता इंग्लंडला पोहोचताच सुमारे दोन महिन्यांत नुकसानीची भरपाई होईल एवढा पैसा जमला. कॅरी पुन्हा पहिल्या पानापासून लिहू लागला. एकदा तुडवलेली वाट दुसऱ्यांदा सोपी जाते, अशी त्याची समजूत होती. जळालेल्या कन्नड कामाच्या जागी पाच वर्षांनी कन्नड व्याकरण उभे राहिले, ते याच चिकाटीतून.

१८१८ मध्ये श्रीरामपूर कॉलेज निघाले. त्याचे दरवाजे कोणत्याही जातिधर्माच्या विद्यार्थ्याला खुले होते. १८२९ मध्ये सतीबंदीच्या कायद्याचा बंगाली अनुवाद करण्याचे काम कॅरीकडे आले. तो रविवार होता. एका दिवसाच्या उशिरानेही एखादीचा जीव जाईल म्हणून त्याने प्रवचन दुसऱ्यावर सोपवले आणि संध्याकाळपर्यंत अनुवाद पुरा केला. ९ जून १८३४ रोजी श्रीरामपूर येथेच त्याने देह ठेवला. इंग्लंड सोडल्यावर तो पुन्हा मायदेशी गेलाच नाही.

कॅरीला मागितलेले सारे मिळाले, असे म्हणता येत नाही. पीटर परत आला नाही, डॉरोथी सावरली नाही, जळालेला मोठा कोश पुन्हा झाला नाही. अभिवचनावरचा विश्वास हा देवाशी केलेला सौदा असता, तर त्याने तो कधीच मोडला असता. त्या वांझ स्त्रीप्रमाणे, काही दिसत नसताना तंबूच्या दोऱ्या लांबवीत राहणे एवढेच त्याने आपले काम मानले. आपण केवळ नेटाने रखडत पुढे जाऊ शकतो, याहून वेगळे श्रेय त्याने स्वतःला दिले नाही. परीक्षेच्या एका अपयशाने खचून जाणाऱ्या आपल्या वयाला, धर्म कोणताही असो, हे रखडत पुढे जाणे शिकण्याजोगे आहे.