कांदा समजून भाजलेले ट्युलिप

साधारण १५६२ सालची गोष्ट. अँटवर्पच्या एका व्यापाऱ्याकडे कॉन्स्टँटिनोपलहून कापड आलं, त्याच्यासोबत काही कंदही आले. त्यानं ते कांदे समजून निखाऱ्यावर भाजले आणि तेल-व्हिनेगर घालून खाल्ले. उरलेले परसात कोबीच्या शेजारी पुरले. बहुतेक वाया गेले, मोजके एका बागवेड्या माणसानं वाचवले. ते ट्युलिपचे कंद होते. हा किस्सा आपल्याला कळतो तो कारोलस क्लुसियस यांनी लिहून ठेवला म्हणून.

क्लुसियस यांचा जन्म १५२६चा, आरास गावातला. आधी कायदा शिकले, मग माँपेलिएला वैद्यकाकडे वळले. पण रमले ते झाडांत. आपला त्यांच्याशी एक जुना धागा आहे. गोव्यातले पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांनी हिंग, आंबा, कॉलरा अशा विषयांवर लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. तो क्लुसियस यांच्या हाती पडला. त्यांनी १५६७ साली त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि आपल्याकडची औषधं युरोपभरच्या वैद्यांना माहीत झाली.

१५७३ साली सम्राट मॅक्सिमिलियन यांनी त्यांना व्हिएन्नाच्या बागेसाठी बोलावलं. तुर्कस्तानात राजदूत राहिलेल्या बुस्बेक यांच्याकडून तिथे त्यांना ट्युलिपचं बी मिळालं. बियांपासून फूल यायला पाच-सात वर्षं लागतात. तेवढ्यात सम्राट वारले आणि नव्या सम्राटानं यांना नोकरीतून काढलं. (सरकारी नोकरीत तीसेक वर्षं काढलेल्या मला याचं नवल वाटत नाही.) पुढे पडून खुबा निखळला, तो कायमचा अधू झाला. अशा अवस्थेत, १५९३ साली, सदुसष्टाव्या वर्षी ते लायडन विद्यापीठाची बाग उभारायला हॉलंडात गेले. वाकून माती उकरणं शक्य नव्हतं. ते काम क्लाउट नावाच्या औषधविक्रेत्यानं केलं. पुढच्याच वसंतात तिथे ट्युलिप फुलले.

मित्रांना ते कंद टपालानं फुकट पाठवत, तरी त्यांच्या बागेत चोऱ्या होत राहिल्या. त्या चोरीच्या कंदांवरच डच व्यापार उभा राहिला असं रंगवून सांगतात. मला ते पटत नाही. हॉलंडात इतरांकडेही ट्युलिप होतेच.

त्यांची नजर मात्र खऱ्या वैद्याची. पाकळ्यांवर रंगांचे फराटे उमटलेलं झाड पुढे खंगत जातं, हे त्यांनी टिपलं होतं. तो मावा किडीमार्फत पसरणारा विषाणू आहे, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. १६०९ साली लायडनलाच ते गेले.

मागे युरोपातल्या भाचीनं मला ट्युलिपचे कंद दिले. मी ते क्वार्टरच्या गॅलरीत कुंडीत लावले. पानं आली, फूल नाही. ट्युलिपची कळी उन्हाळ्यातच कंदाच्या पोटात तयार होते. पण दांडा वर यायला बारा ते सोळा आठवडे कडक थंडी लागते. म्हणून थंड देशांत हे कंद शरद सरताना लावतात. डॅफोडिल आधी, ट्युलिप नोव्हेंबरात, कारण गारठलेल्या मातीत बुरशीचा त्रास कमी. कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल, टोक वर. पाणी साचणारी जागा नको; थंडीपेक्षा चिखलानंच कंद जास्त मरतात. परदेशात पहिल्यांदाच बाग करणाऱ्यांना एवढं पुरे.

आता माझ्या धंद्यातलं. ट्युलिपचे कंद सतत हाताळणाऱ्यांच्या बोटांना खाज सुटते, कातडी भेगाळते, हातमोजे घालावेत. डॅफोडिलचा कंद तर थेट कांद्यासारखा दिसतो आणि विषारी असतो. खाल्ला तर थोड्याच वेळात उलट्या, पोटात कळा. याच कुळातल्या फुलांपासून स्मृतिभ्रंशावरचं गॅलँटामाइन मिळतं, पण ते मोजून, गोळीतून. तेव्हा कंद घरी आणलेत तर स्वयंपाकघरातल्या टोपलीजवळ ठेवू नका, पिशवीवर नाव लिहा. चुकून कुणी खाल्लाच, तर उरलेला तुकडा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.