मुक्या जिवांचा वैद्य : जॉन हेन्री स्टील

गणरायाच्या उत्सवात, हत्तीच्या आजारांवर ग्रंथ लिहिणाऱ्या एका पशुवैद्याचे स्मरण उचित ठरेल. जॉन हेन्री स्टील यांचा जन्म १८५५ चा. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजात शिकून ते लष्करी पशुवैद्य झाले व पुढे हिंदुस्थानात आले. १८८५ च्या सुमारास ब्रह्मदेशात लष्कराची खेचरे ‘सर्रा’ रोगाने मरत होती. त्या रोगाच्या जंतूचा त्यांनी अभ्यास केला. तो जंतू १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स यांनी शोधला होता. म्हणून स्टील यांनी त्याला इव्हान्स यांचेच नाव दिले.

मुंबईत परळला सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय उभे राहिले होते. त्याच्या आधारे १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. स्टील पहिले प्राचार्य झाले. पोट फुगलेला बैल किंवा अडलेली गाय सकाळची वाट पाहू शकत नाही. असे शिक्षण नुसत्या फळ्यावर होत नाही. त्याला रुग्णालयच हवे. ते परळला मिळाले.

स्टील यांना मात्र जेमतेम पाच वर्षे मिळाली. १८९१ मध्ये, चाळिशीच्या आतच, ते गेले.

धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. इलाख्याचे पशुवैद्य परळला घडत. धारवाडी म्हशीच्या दुधाचा पेढा बाप्पापुढे ठेवताना, रात्री-अपरात्री गोठ्यात धावून जाणाऱ्या पशुवैद्यांची आणि परळच्या त्या पहिल्या प्राचार्यांची आठवण ठेवू या.