शहरांचा वैद्य : पॅट्रिक गेडिस

जुनी वस्ती गलिच्छ झाली की ती पाडून टाकावी, हा सोपा मार्ग पुष्कळांना सुचतो. मग तेथील गोरगरिबांनी जावे कोठे, हा विचार ज्यांनी जन्मभर केला, त्या पॅट्रिक गेडिस यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर येथे झाला. लंडनमध्ये हक्स्ली या विख्यात शास्त्रज्ञांपाशी त्यांनी जीवशास्त्राचे अध्ययन केले. १८७९ साली मेक्सिकोत त्यांची दृष्टी काही काळ गेली. ती परत आली, तरी सूक्ष्मदर्शकावरील काम पूर्ववत होईना. पुढे त्यांनी आपले लक्ष माणसांच्या वस्त्यांकडे वळविले.

१८८६ मध्ये विवाह झाल्यावर हे दांपत्य एडिंबरोच्या जुन्या, दाटीच्या वस्तीत राहावयास गेले. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी घरे दुरुस्त केली, रिकाम्या जागी बागा लावल्या. टाकाऊ तेवढेच काढावे व बाकीचे जपावे, या पद्धतीस ते शस्त्रक्रियेची उपमा देत. १८९२ पासून तेथील एका मनोऱ्यात त्यांनी लोकांसाठी संग्रहालय उभारले. गच्चीवरून आधी आपले शहर पाहावयाचे, मग एकेक मजला उतरत देश आणि शेवटी जग समजून घ्यावयाचे, अशी त्याची रचना होती.

१९१४ साली ते हिंदुस्थानात आले. त्यांच्या नगररचना-प्रदर्शनाचे साहित्य आणणारे जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडविले. तरी नवे साहित्य जमवून १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरलेच. १९१७ साली ज्येष्ठ पुत्र फ्रान्समध्ये युद्धात पडला आणि थोड्याच आठवड्यांत पत्नीही निवर्तली. असा घाव सोसूनही त्यांनी हाती घेतलेले कार्य सोडले नाही.

होळकर दरबारासाठी लिहिलेला त्यांचा इंदूरविषयक अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. रुंद रस्त्यांसाठी घरे पाडण्यापेक्षा गल्ल्या सुधाराव्या, नदीकाठ स्वच्छ करावा, ग्रंथालय व विद्यापीठ उभारावे, असे त्यांनी सुचविले. प्लेगने गांजलेल्या त्या शहरात दिवाळीस त्यांनी मिरवणूक काढविली. जे रस्ते स्वच्छ, तेथूनच ती जाणार, हे कळताच घरोघरी केरसुण्या फिरू लागल्या! मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रतिमाही होती.

१९१९ ते १९२४ या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. प्रसिद्ध समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांचेच विद्यार्थी. १७ एप्रिल १९३२ रोजी फ्रान्समधील माँपेलिए येथे गेडिस यांचे देहावसान झाले.

विद्यार्थी मित्रहो, सार्वजनिक वास्तूची थोरवी तिच्या उंचीत नसून तिने किती जणांचे जीवन सुखी केले यात आहे, हाच या चरित्राचा बोध आम्हांस वाटतो.