डेनिस रिची : कामापुरता अधिकार

वार्षिकांकातील चरित्रलेख म्हटला की संत, समाजसुधारक किंवा क्रांतिवीर यांचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे त्यांनी सभा गाजवल्या नाहीत, तुरुंगवास भोगला नाही. ते दाढी वाढवलेले, अबोल, प्रयोगशाळेत बसून काम करणारे गृहस्थ होते. 'सी' ही संगणकाची भाषा आणि 'युनिक्स' ही प्रणाली यांमुळे जगभर त्यांचे नाव झाले. पण मला त्यांच्याविषयी ओढ वाटली ती एका लहानशा युक्तीमुळे. कोणाला काय करण्याची परवानगी असावी, हा प्रश्न त्यांनी त्या युक्तीने सोडवला.

डेनिस रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्कजवळील ब्रॉन्क्सव्हिल येथे झाला. वडील अ‍ॅलिस्टर रिची हे बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. बालपण न्यू जर्सीतील समिट या गावी गेले. १९६३ साली हार्वर्डमधून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ते उपयोजित गणिताकडे वळले आणि १९६७ साली वडिलांच्याच प्रयोगशाळेत रुजू झाले. १९६८ साली त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध लिहून तयार होता. पण त्याची बांधीव प्रत त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयात कधी दिलीच नाही, आणि ती पदवी त्यांना मिळाली नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे हा निष्काळजीपणा मला काही केल्या पटत नाही!

१९६९ साली बेल लॅब्जने 'मल्टिक्स' या मोठ्या व खर्चिक प्रकल्पातून अंग काढून घेतले. तेव्हा रिची यांचे सहकारी केन थॉम्प्सन यांनी फारसा वापरात नसलेल्या पीडीपी-७ या यंत्रावर एक लहान प्रणाली उभी केली. तीच युनिक्स. रिची तिच्यात सामील झाले, तिच्यासाठी त्यांनी 'सी' भाषा घडवली आणि १९७३ साली दोघांनी सारी प्रणाली त्या भाषेत नव्याने लिहून काढली.

एकाच यंत्रावर अनेक माणसे काम करीत. म्हणून प्रत्येक फाईलला मालक असे, आणि वाचणे, लिहिणे व चालवणे या तीन परवानग्या मालकाला वेगळ्या व इतरांना वेगळ्या देता येत. पुढे गटासाठीही तशीच सोय झाली. येथे एक पेच होता. संगणकावर 'मू' नावाचा संख्या ओळखण्याचा खेळ होता. प्रत्येक खेळाडूचे गुण एका फाईलीत लिहिले जावेत, पण खेळाडूला स्वतः ती फाईल उघडून गुण वाढवता येऊ नयेत, हे कसे साधायचे? लिहिण्याची परवानगी दिली तर लबाडी होणार, न दिली तर गुण लिहिलेच जाणार नाहीत.

रिची यांनी उपाय काढला तो असा. परवानगी माणसाला द्यायचीच नाही, कार्यक्रमाला द्यायची. कार्यक्रमाच्या फाईलीवर एक खूण करायची. मग तो कोणीही चालवला तरी, चालू असेपर्यंत, त्याला आपल्या मालकाचे अधिकार मिळतात. काम संपले की अधिकारही संपला. या खुणेला 'सेट-यूआयडी' म्हणतात. पोस्टाच्या बचत खात्याची खिडकी आठवा. आपल्याला आत जाऊन खातेवहीत लिहिता येत नाही. पण फॉर्म भरून दिला की आतला कारकून आपल्याच खात्यात, आपल्यापुरतीच नोंद करतो. लिनक्समध्ये आपण पासवर्ड बदलतो तेव्हा नेमके हेच घडते. सांकेतिक रूपातील पासवर्डांची फाईल 'रूट' या सर्वाधिकाऱ्याच्या ताब्यात असते आणि सामान्य माणसाला ती वाचताही येत नाही, तरी तो आपला पासवर्ड बदलू शकतो.

९ जुलै १९७३ रोजी या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज झाला आणि जानेवारी १९७९ मध्ये ते मंजूर झाले. पुढे ते सर्वांना मोफत खुले करण्यात आले. एवढी मोलाची वस्तू अशी सोडून देणे आजच्या काळात खरे वाटत नाही.

या खुणेच्या जोडीला आणखी दोन आहेत. 'सेट-जीआयडी' लावलेल्या फोल्डरमध्ये जी नवी फाईल तयार होते, ती आपोआप त्या फोल्डरच्या गटाची होते. 'स्टिकी' खूण आधी निराळ्याच कामासाठी होती. फोल्डरसाठी तिचा आजचा उपयोग बर्कलेच्या मंडळींनी १९८६ साली आणला. तिचे महत्त्व मला अँटॉप हिलला आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत कळले. तेथे दोन जुने संगणक आहेत, त्यांवर लिनक्स आहे, आणि नोट्स ठेवायला सर्वांचा मिळून एक फोल्डर. एकदा एका मुलाचा चाळीस पानी प्रकल्प त्यातून नाहीसा झाला. त्याने फाईलीला कोणी हात लावू नये अशी परवानगी ठेवली होती, मग ती पुसली कशी गेली? कारण असे की, फाईल पुसण्याचा अधिकार फाईलीवर ठरत नाही, ती ज्या फोल्डरात आहे त्याच्यावर ठरतो. त्या फोल्डरात लिहिण्याची मुभा सगळ्यांना होती! अभ्यासिका सांभाळणाऱ्या दादांनी 'सीएचमॉड' आज्ञेने फोल्डरला ३७७० हा आकडा दिला. त्यातील ३ म्हणजे सेट-जीआयडीचे २ आणि स्टिकीचा १. सेट-यूआयडीचे ४ असतात, त्यांची येथे गरज नव्हती. आता फाईल कोणीही ठेवावी, पण पुसायची ती ज्याची त्यानेच. (फोल्डरचे मालक दादा, म्हणून त्यांनाही पुसता येते, ते मात्र आम्ही चालवून घेतो.) त्या मुलाला प्रकल्प दुसऱ्यांदा लिहावा लागला, आणि तोवर त्याची मुदत टळून गेली होती.

सेट-यूआयडीचे मात्र भय बाळगावे लागते. रूटच्या मालकीचा असा कार्यक्रम ढिसाळ लिहिलेला असेल, तर तो चालवणाऱ्या भलत्याच माणसाच्या हाती साऱ्या यंत्राच्या किल्ल्या जातात. म्हणून जाणकार माणसे अशा फाईलींची यादी अधूनमधून काढून पाहतात. मालकाच्या परवानग्यांत चालवण्याच्या 'एक्स'च्या जागी 'एस' दिसला की ती ओळखू येते. युनिक्स घडवताना सुरक्षिततेचा विचार मुळात झाला नव्हता, हे रिची यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. स्वतःच्या कामाविषयी इतके सरळ लिहिणारी माणसे थोडीच.

१९८३ साली थॉम्प्सन व रिची यांना मिळून ट्युरिंग पुरस्कार मिळाला. रिची २००७ साली निवृत्त झाले. लिनक्स १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केली. ती युनिक्सच्या धर्तीवर आणि रिची यांच्या 'सी' भाषेत लिहिलेली आहे. १२ ऑक्टोबर २०११ रोजी रिची न्यू जर्सीतील बर्कले हाइट्स येथील आपल्या घरी मृतावस्थेत आढळले. ते एकटेच राहत असत. त्याच्या आठवडाभर आधी स्टीव्ह जॉब्ज वारले होते आणि वर्तमानपत्रे त्यांच्याच बातम्यांनी भरलेली होती. हार्वर्डला न दिलेला तो प्रबंध २०२० साली अमेरिकेतील संगणक इतिहास संग्रहालयाने लोकांसमोर आणला.