मजुरांच्या मोटाबेन

संप पुकारला की सभा, घोषणा पुरुषांच्या. पण पगार बंद झाल्यावर चूल पेटती ठेवण्याचा घोर बायकांना. अहमदाबादच्या १९१८ सालच्या गिरणी लढ्यात अशा घरांना ज्यांनी धीर दिला, त्या अनसूयाबेन साराभाई स्वतः गिरणीमालकाच्या घरातल्या होत्या.

त्यांचा जन्म १८८५ सालचा. लहानपणीच आईबाप गेले. तेराव्या वर्षी लग्न झाले, ते टिकले नाही. भाऊ अंबालाल यांनी १९१२ साली त्यांना विलायतेस शिकायला धाडले. माहेरी आलेल्या बहिणीला एक खोली देऊन मोकळे होणारे भाऊ पुष्कळ. हे तसे नव्हते. बेनना डॉक्टर व्हायचे होते, पण जैन घरच्या मुलीला चिरफाड सोसेना. परत येऊन त्यांनी मजुरांच्या मुलांसाठी शाळा काढली. एके सकाळी मुलांचे केस विंचरीत असता गिरणीतून सुटलेल्या बायका पाय ओढीत जाताना दिसल्या. सलग ३६ तास काम करून येत होत्या त्या! तेव्हापासून बेन मजुरांच्या झाल्या.

१९१७ साली प्लेग आला. मजुरांनी गाव सोडू नये म्हणून मालकांनी जादा पैसे दिले आणि साथ सरताच बंद केले. महागाई तर वाढलेली. मजुरांनी ३५ टक्के वाढ मागितली, मालक २० वर अडले, आणि फेब्रुवारी १९१८ मध्ये गिरण्यांना टाळे लागले. मालकांचे पुढारी कोण, तर अंबालालशेठ! मजुरांकडे गांधीजी आणि शेठजींची सख्खी बहीण.

बेन मजुरांच्या घरोघर हिंडत. कोण आजारी, कोणाकडे दाणा संपला, सारी चौकशी करीत. रोजची पत्रके गांधीजी लिहीत, पण निघत बेनच्या नावाने. आश्रमात विणकामशाळेचा पाया भरण्याचे काम मजुरांना मिळाले, तेव्हा वाळूची पाटी डोक्यावर घेऊन बेन पुढे झाल्या. बंगल्यात वाढलेली बाई!

तरीही, मोटारीतून येणाऱ्यांना उपाशी पोटाचे काय, असे काही मजूर बोललेच. ते गांधीजींच्या जिव्हारी लागले व १५ मार्चला त्यांनी उपास धरला. तीन दिवसांनी तडजोड झाली. पंच आनंदशंकर ध्रुव यांनी पुढे ३५ टक्केच ठरवले. तडजोडीची मिठाई वाटली गेली ती अंबालालशेठच्या मिर्झापूरच्या बंगल्याच्या आवारात. भावाबहिणीची माया तशीच राहिली.

१९२० साली मजूर महाजन निघाले, त्याच्या बेन अध्यक्ष. मजूर त्यांना मोटाबेन, म्हणजे थोरली बहीण म्हणत. १९७२ साली त्या वारल्या. त्याच साली महाजनाच्या महिला विभागातून इलाबेन भट्ट यांनी ‘सेवा’ ही कष्टकरी बायकांची संघटना उभी केली.